अर्ज गटाचाच राहिला पाहिजे



आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. अनुदानाचा अर्ज. बचत गट, वस्तीतलं वाचनालय, महिला मंडळ, पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांचा गट, अशा लहान गटांनी आपल्याच भागातला निधी मिळवण्यासाठी अर्ज कसा करायचा आणि आपण त्यांना मदत कशी करायची, यावर मी बोलणार आहे. तुमच्यापैकी कुणी बडोद्याला असाल, कुणी इंदूरला, बेळगावला, हैदराबादला. बँकेतून निवृत्त झालेले असाल, शिक्षक असाल, नाहीतर हिशोब तपासणाऱ्या कचेरीत नोकरी करत असाल. तुम्हाला कागद वाचता येतो, संगणकावर अर्ज भरता येतो. एवढ्या भांडवलावर तुम्ही एखाद्या गटाच्या फार उपयोगी पडू शकता, आणि जपून वागला नाहीत तर त्याच भांडवलावर त्या गटाचं नुकसानही करू शकता. दोन्ही बाजू मी सांगणार आहे.

अडचण अशी आहे की ज्यांना काम येतं त्यांना अर्ज लिहिता येत नाही. पैसा मात्र अर्जाच्या मागे जातो. मग मध्ये एक माणूस उभा राहतो. तो म्हणतो, 'ताई, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी बघतो. मंजूर झालं तर दहा टक्के द्या.' बायका सह्या करतात. मंजुरी आली तरी कशाची आली, अटी काय आहेत, हे त्यांना ठाऊक नसतं. दोन वर्षांनी हिशोब मागणारा साहेब येतो तेव्हा हा माणूस फोन उचलत नाही. सही कुणाची आहे? अध्यक्ष आणि सचिव बाईंची. जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि त्यानंतर तो गट कधीच कुठे अर्ज करत नाही. म्हणून अर्ज हा विषय मला कारकुनी वाटत नाही. गट टिकतो की मोडतो, हे त्यावर ठरतं.

आता पैसा कुठे असतो ते बघू. मी त्याला पाच दारं म्हणतो.

पहिलं दार ग्रामपंचायत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. शिवाय गावाचा विकास आराखडा दरवर्षी ग्रामसभेत ठरतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी होती. आराखड्यात नाव नसेल तर वर्षभर कितीही हेलपाटे घाला, पैसे मिळत नाहीत. म्हणून इथे अर्जापेक्षा वेळ महत्त्वाची. आराखड्याची ग्रामसभा कधी आहे ते विचारा, आणि गटाची मागणी ठरावात लिहून घ्या.

दुसरं दार जिल्हा परिषद किंवा नगरपालिका. महिला व बालकल्याण, समाजकल्याण, कृषी या विभागांच्या योजना असतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप यंत्र वगैरे इथून मिळतं. खासदार आणि आमदार निधी याच बाजूचा. खासदाराला वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात, पण तो फक्त शिफारस करतो. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि काम सरकारी यंत्रणा करते. गटाच्या खात्यात रोख येत नाही. हे आधीच सांगून टाका, म्हणजे गैरसमज होत नाहीत.

तिसरं दार ग्रामीण आजीविका अभियान. हे २०११ पासून देशभर आहे. महाराष्ट्रात त्याला उमेद म्हणतात, बिहारमध्ये जीविका, कर्नाटकात संजीवनी. केरळात कुटुंबश्री त्याच्याही आधीची, १९९८ची. इथे फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. पण गट पंचसूत्री पाळतो का, ते आधी बघतात. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब.

चौथं दार बँक, नाबार्ड आणि उद्योगाच्या योजना. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत लहान उद्योगाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचं अनुदान ठेवलं होतं, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपये बीज भांडवल. हे बीज भांडवल संघामार्फत येतं आणि सदस्यांनी ते कर्ज म्हणून वापरून परत फिरवायचं असतं. पुष्कळ ठिकाणी 'चाळीस हजार फुकट' अशी हाकाटी होते. ती खोडून काढणं हे तुमचं काम.

पाचवं दार कंपन्यांचा सामाजिक निधी आणि खाजगी न्यास. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण कंपनी ज्या संस्थेमार्फत काम करते ती नोंदणीकृत असावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेची केंद्र सरकारकडे वेगळी नोंदही लागते. त्यासाठी १२ए आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रं असावी लागतात, आणि बाहेरच्या संस्थेला सहसा तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. दहा बायकांच्या बचत गटाकडे हे नसतं. मग त्यांना कंपनीच्या दारात उभं करू नका. त्यांच्या भागातली जुनी, विश्वासाची नोंदणीकृत संस्था शोधा आणि तिच्यामार्फत जा. त्यातही गट आणि संस्था यांच्यात काय ठरलं ते लेखी असू द्या: पैसा कुणाच्या खात्यात येईल, यंत्र कुणाच्या मालकीचं राहील.

या पाच दारांवर एक सूचना. योजनांचे आकडे आणि अटी बदलतात. कचेरीत गेल्यावर 'योजना आहे का' एवढंच विचारू नका. 'या वर्षीचं परिपत्रक दाखवा' असं म्हणा. आणि महाराष्ट्राबाहेर असाल तर नोंदणीचा कायदाही वेगळा असतो. महाराष्ट्रात संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. कर्नाटकाचा संस्था नोंदणी कायदा १९६०चा, मध्य प्रदेशाचा १९७३चा. पुण्याच्या मित्राने पाठवलेला नमुना भोपाळला चालेल, असं धरून चालू नका.

आता कागद. अर्ज लिहायला बसण्याआधी एक फाईल करा. त्यात बँकेचं पासबुक, सभासदांची यादी, मागच्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं, बचतीचं रजिस्टर, आणि 'आपण अमुक कामासाठी अमुक ठिकाणी अर्ज करत आहोत' असा सगळ्यांच्या सहीचा ठराव. इतिवृत्त नसेल तर मागच्या तारखा टाकून तयार करू नका. तपासणाऱ्याला एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा आजपासून लिहायला लागा आणि सहा महिन्यांनी अर्ज करा.

हिशोब आपल्या लोकांना जमत नाही, असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. आपल्याकडे गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक असतं आणि विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लागतो. मराठी माणूस देशात जिथे गेला तिथे ही पद्धत घेऊन गेला. अनुदानाच्या हिशोबाला याहून वेगळं काही लागत नाही. आलेला प्रत्येक रुपया पावतीवर, गेलेला प्रत्येक रुपया बिलावर, आणि दोन्ही सगळ्यांसमोर.

मग अर्ज. कोणताही नमुना घ्या, तो पाचच प्रश्न विचारतो. तुम्ही कोण? अडचण काय? तुम्ही काय करणार? किती लागेल? आणि पैसे संपल्यावर पुढे काय?

हे प्रश्न घेऊन गटाच्या बैठकीत बसा. तुम्ही बोलू नका, विचारा. मोबाईलवर आवाज टिपून घ्या. घरी जाऊन त्यांच्याच शब्दांत लिहा. 'महिलांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी' असं वाक्य लिहायची तुम्हाला फार इच्छा होईल. ते लिहू नका. त्या बाई काय म्हणाल्या होत्या? 'मिरची दळायला आम्हाला तालुक्याला जावं लागतं, जायला-यायला अख्खा दिवस मोडतो.' हेच लिहा. अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावर शंभर अर्जांत सर्वांगीण सक्षमीकरण असतं. दिवस मोडतो हे एकाच अर्जात असतं.

आता पैशाचा भाग एका उदाहरणाने सांगतो. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा दहा जणींच्या गटाला मिरची कांडप यंत्र हवं आहे. यंत्र ६० हजारांचं. बहुतेक अर्ज इथेच थांबतात: 'यंत्रासाठी ६० हजार मिळावेत.' पण वीजजोडणी आणि वायरिंगचे १२ हजार कोण देणार? शेडची डागडुजी ८ हजार. वजनकाटा आणि पॅकिंगचं सामान १० हजार. पहिल्या हंगामाची मिरची घ्यायला ३० हजार. बेरीज १ लाख २० हजार. ६० हजार मागितले आणि मिळाले, तर यंत्र येऊन धूळ खात पडतं, आणि पुढच्या वेळी साहेब म्हणतो, 'या गटाला दिलेलं यंत्र बंद आहे.' म्हणून पूर्ण खर्च मांडा. त्यात गटाचा वाटा दाखवा. १२ हजार बचतीतून घालणार असाल तर तसं लिहा. उरलेल्यातलं कोणतं कुठून मागणार, तेही लिहा.

मग उत्पन्न. लोक काय करतात? उन्हाळ्यातल्या चांगल्या महिन्याचा आकडा घेतात, ६०० किलो, आणि त्याला बाराने गुणतात. ७,२०० किलो, किलोला २० रुपये, वर्षाला १ लाख ४४ हजार. कागदावर झकास दिसतं. पण चैत्र-वैशाखात कांडपापुढे रांग लागते आणि श्रावणात यंत्र झाकून ठेवतात, हे गावातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. खरा हिशोब असा होईल. उन्हाळ्याचे चार महिने ६०० किलोप्रमाणे २,४०० किलो. बाकीचे आठ महिने १०० किलोप्रमाणे ८००. एकूण ३,२०० किलो, म्हणजे ६४ हजार रुपये. त्यातून विजेचे १२,८००, यंत्र चालवणारीचं मानधन २५,६००, दुरुस्ती ६,०००. खर्च ४४,४००. हातात १९,६००.

कुणी म्हणेल, एवढा लहान आकडा दाखवला तर मंजूर कसं होईल? माझं म्हणणं, हाच आकडा दाखवा. एक तर तपासणाऱ्याला हंगाम कळतो. दुसरं, हा आकडा गटासाठीच जास्त महत्त्वाचा आहे. वर्षाला दीड लाख मिळणार या आशेने एखादीने बाहेरून कर्ज काढलं तर तिचं घर अडचणीत येतं. खरा आकडा समोर आला की गट स्वतःच विचारतो, पावसाळ्यात यंत्रावर दुसरं काय करता येईल? हळद? धने? हा प्रश्न यंत्र येण्याआधी पडायला हवा.

अर्ज लिहून झाला की एक परीक्षा घ्या. बैठकीत तो पूर्ण मोठ्याने वाचून दाखवा. मग जी बाई सगळ्यात कमी बोलते तिला विचारा, आपण किती मागतोय, कशासाठी, आणि आपले किती घालणार? तिला सांगता आलं तर अर्ज द्यायला हरकत नाही. नाही आलं तर अजून एक बैठक घ्या. साहेब चौकशीला येतो तेव्हा सचिवबाई बाजाराला गेलेल्या असू शकतात.

भाषेचंही असंच. बिदरमध्ये किंवा सुरतेत मराठी बायकांचा गट असेल तर अर्ज कन्नडमध्ये किंवा गुजरातीत द्यावा लागेल. तुम्ही भाषांतर करा, पण पूर्ण करा. सारांश सांगून सही घेऊ नका. मराठी प्रत गटाच्या फाईलमध्ये राहू द्या. आणि एखादी तक्रार असेल तर राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे ती केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, एवढं लक्षात असू द्या.

आता मदत करणाऱ्यांसाठी चार पथ्यं.

एक, टक्केवारी घेऊ नका. प्रवासखर्च, छपाईचा खर्च गटाने ठराव करून दिला तर घ्या, पावती द्या. मंजुरीच्या रकमेवर हिस्सा घेतला की तुम्हाला मोठा आकडा हवासा वाटू लागतो. गटाला किती झेपतं हा विचार मागे पडतो.

दोन, अर्जात मोबाईल नंबर गटाचा द्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण आज पुष्कळ अर्ज ऑनलाइन आहेत. ओटीपी तुमच्या फोनवर आला, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्याकडे, म्हणजे गटाच्या दाराची किल्ली तुमच्या खिशात. उद्या तुमची बदली झाली, तुम्ही आजारी पडलात, तर गटाला स्वतःचाच अर्ज उघडता येणार नाही. गटातल्या एखादीच्या मुलीला, सुनेला शेजारी बसवा. पहिला अर्ज तुम्ही भरा, तिला बघू द्या. दुसरा तिला भरू द्या, तुम्ही बघा. तिसऱ्याला तुमची गरज पडली नाही तर तुमचं काम झालं.

तीन, मूळ कागद आपल्याकडे ठेवू नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही घेऊ नका, कितीही विश्वास असला तरी.

चार, निर्णय गटाचा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव. तिथे अभ्यासगट होते. बाहेरचे मित्र येत, कायदा समजावून सांगत, चर्चा होई. पण निर्णय ग्रामसभा घेत असे, आणि तोही सर्वसहमतीने. माहिती बाहेरून घ्यायची आणि निर्णय आपण घ्यायचा, ही वाटणी त्यांनी सांभाळली. तुमची जागा त्या अभ्यासगटातल्या मित्राची आहे.

यातूनच एक कठीण गोष्ट निघते. कधी कधी अर्ज करू नका, असंही सांगावं लागतं. ज्या गटाने कधी ५ हजारांच्या वर रक्कम हाताळली नाही त्याच्या खात्यात एकदम ४ लाख आले, तर पहिलं भांडण त्याच महिन्यात होतं. वर्षानुवर्षं एकमेकींच्या अडीनडीला धावून जाणाऱ्या बायका एकमेकींचं तोंड बघेनाशा होतात. आधी लहान रक्कम, तिचा चोख हिशोब, मग मोठी. योजनेची मुदत संपतेय म्हणून घाई करू नका. गट मोडला तर पुढचे सगळेच अर्ज संपले.

शेवटचं, अर्ज दिल्यानंतर. पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली प्रत फाईलला लावा. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. सरकारी कचेरी कारण देत नसेल तर २००५चा माहिती अधिकार आहे. केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत अर्जाला १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'आमच्या अर्जात कोणती त्रुटी होती आणि यादी कोणत्या निकषावर केली' एवढंच विचारा. भांडणासाठी विचारू नका, पुढचा अर्ज सुधारण्यासाठी विचारा. आणि मंजूर झाला तर पहिल्या दिवसापासून बिलं, फोटो, मालमत्तेची नोंदवही ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर द्या. ज्या गटाने ते वेळेवर दिलं त्याचं नाव कचेरीत लक्षात राहतं.

तुम्हाला मोठं काही करायला मी सांगत नाही. तुम्ही जिथे राहता तिथला एकच गट निवडा. आधी दोन बैठकांना नुसते जाऊन बसा, चहा प्या, ऐका. मग विचारा, 'तुमची फाईल बघू का?' तिथून सुरुवात होते. वर्षाच्या शेवटी त्या गटाला एखादं अनुदान मिळालं तर आनंदच आहे. नाही मिळालं, पण गटातल्या चार जणींना स्वतःचा जमाखर्च वाचता आला आणि कचेरीत जाऊन परिपत्रक मागता आलं, तर पुढच्या वर्षीच्या ग्रामसभेत त्या गप्प बसणार नाहीत. आणि कुणी 'फक्त सह्या करा' म्हणत आला, तर त्या आधी कागद वाचायला मागतील.